नव्या सुविधांच्या गजरात दुरुस्तीचा विसर नको

मध्य प्रदेशातील जबलपूर-कटनी लोहमार्गावर सिहोरा हे तहसिलीचे गाव आहे. तेथील न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याची पुढील तारीख पक्षकाराला आता घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. ज्या ‘केस इन्फर्मेशन सॉफ्टवेअर’ या प्रणालीतून ही माहिती येते, ती पुण्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली आहे. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी असलेली ही प्रणाली मुक्त स्रोत, म्हणजेच ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभी आहे.

हा योगायोग नव्हे. सरकारी संगणक प्रणालींसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. परवाना शुल्काची बचत होते, एकाच कंपनीवर विसंबावे लागत नाही आणि सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही तपासता येते, ही त्यामागील कारणे आहेत. मात्र या निवडीबरोबर एक जबाबदारीही येते. सर्व्हरवर चालणाऱ्या अशा सॉफ्टवेअरमध्ये सतत नव्या सुविधा येत असतात आणि जुने दोष उघडकीस येत असतात. सुविधांचे स्वागत होते. दुरुस्तीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पुण्यातून मिळालेला धडा

या संदर्भात पुण्याचेच आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. ते न्यायालयीन प्रणालीतील नसून ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त स्रोत डेटाबेस सर्व्हरचे आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या त्याच्या ८.३ या आवृत्तीत नोंदी बदलण्याचे काम वेगवान करणारी एक महत्त्वाची सुविधा समाविष्ट झाली. पुण्यातील विकसक पवन देवलसी यांचे हे काम होते.

त्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी, २०१७ च्या आरंभी, देवलसी त्याच सुविधेचा पुढचा टप्पा ठरेल अशा एका नव्या सुधारणेची कसून चाचणी घेत होते. त्या वेळी माहितीत विसंगती आढळली. आपल्याच नव्या संहितेत चूक असावी, असा त्यांचा प्रथम समज झाला. बराच शोध घेतल्यानंतर दोष मूळ सॉफ्टवेअरमध्येच असल्याचे स्पष्ट झाले. तपासलेल्या, अगदी ९.२ पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत तो आढळला.

दोषाचे स्वरूप सोप्या शब्दांत सांगता येईल. डेटाबेसमधील नोंद चटकन सापडावी यासाठी अनुक्रमणिका तयार केली जाते. काम न थांबवता ती तयार होत असताना एखादी नोंद बदलली गेली, तर विशिष्ट परिस्थितीत ती अनुक्रमणिकेत चुकीची लागत असे. कपाटात फाइल आहे, पण नोंदवहीत तिचा उल्लेखच नाही, असा हा प्रकार होता. सर्व्हर बंद पडत नव्हता आणि धोक्याची सूचनाही मिळत नव्हती. शोध घेणाऱ्याला मात्र ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळू शकत होते.

९ फेब्रुवारी २०१७ रोजी ९.६.२ आणि तिच्यासह जुन्या चार शाखांच्या दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. ज्या नव्या सुधारणेमुळे हा दोष सापडला, ती मात्र सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट झाली नाही. अर्थात, त्या सुधारणेसाठी झालेल्या परिश्रमांचे खरे फलित ही दुरुस्तीच ठरली, असे म्हणावे लागेल.

केवळ नवी आवृत्ती पुरेशी नाही

या घटनेतील पुढचा भाग प्रशासकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. नवी आवृत्ती बसवल्याने दोष पुन्हा उद्भवणे थांबले; परंतु आधीच बिघडलेली अनुक्रमणिका आपोआप सुधारत नव्हती. ती नव्याने बांधावी लागत होती. म्हणजेच ज्याने आवृत्ती बसवली, पण सोबतची सूचना वाचली नाही, त्याच्याकडे चूक तशीच राहण्याचा संभव होता.

एकदा दुरुस्त झालेला दोष परत येऊ शकतो, याचेही उदाहरण आहे. सर्व्हरवर दुरून काम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’मध्ये २००६ साली एक दोष दूर करण्यात आला होता. ऑक्टोबर २०२० मधील एका बदलामुळे तो पुन्हा शिरला. क्वालिस या सुरक्षा कंपनीने तो शोधून काढल्यावर १ जुलै २०२४ रोजी ९.८ या आवृत्तीत त्याची दुरुस्ती झाली. संहिता सर्वांसाठी खुली असली, तरी ती वाचणारे सजग डोळे असावे लागतात, हेच यावरून दिसून येते.

निधीचा प्रश्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. चार वर्षांसाठीची तरतूद ७,२१० कोटी रुपयांची आहे. त्यात अभिलेखांच्या डिजिटायझेशनसाठी २,०३८.४० कोटी, तर प्रणाली व सॉफ्टवेअर विकासासाठी २४३.५२ कोटी रुपये आहेत. हे प्रमाण एकूण रकमेच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी आहे. जुने कागद संगणकावर आणणे आवश्यकच आहे. परंतु ते एकदा आल्यानंतर त्यांचा भरवसा सर्व्हरवरच राहणार आहे.

पोस्टग्रेसक्यूएलची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वी आवृत्ती आली आणि तिच्या वेगवान वाचनक्षमतेची चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १३ व्या आवृत्तीच्या दुरुस्त्या थांबल्या, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली. जुन्या आवृत्तीवर चालणारा सर्व्हर दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखाच चालतो. त्यामुळे ‘चालते आहे, तर हात का लावा’ ही वृत्ती बळावते. वास्तविक धोका तेथूनच सुरू होतो.

म्हणूनच प्रत्येक सरकारी प्रणालीसाठी तीन प्रश्नांची उत्तरे नियमितपणे मिळायला हवीत. कोणती आवृत्ती वापरात आहे, तिच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार आहेत आणि शेवटची दुरुस्ती कधी बसवली गेली? त्याचप्रमाणे विनामूल्य मिळणाऱ्या या सॉफ्टवेअरची निगा राखणाऱ्यांना वेळ आणि पैसा देण्याची तयारीही ठेवावी लागेल.

सिहोरा येथील पक्षकाराला आवृत्तीचा क्रमांक ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने शोध घेतला की त्याचा दावा सापडला पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्याची जबाबदारी यंत्रणेची आहे.