गृहप्रवेशाचा मुहूर्त : पंचांग, वीजमीटर आणि ३१ मार्च

यंदा नवीन घरात जाण्याचा बेत असलेल्यांची थोडी पंचाईत होणार आहे. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात वास्तुशांत करत नाहीत. १९ एप्रिलच्या अक्षय तृतीयेपासून १६ मेपर्यंत एक खिडकी आहे. दुसरी १६ जूननंतर उघडते आणि २५ जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास सुरू. जूनची खिडकी धरावी तर पाऊस, शिवाय कर्नाटकातल्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीलाच भरतात. त्यामुळे जनवाड्यापासून औराद-भालकीपर्यंत सगळ्यांची घाई एप्रिल-मेमध्येच होणार. गवंडी, रंगारी, आचारी आणि भटजी, चौघेही एकाच वेळी मिळणे कठीण.

पण खरी अडचण पंचांगात नाही, ती मीटरमध्ये आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाणी जोडणी देऊ नये. बेकायदा बांधकामांना आळा घालण्याचा हेतू योग्यच आहे. परंतु आपल्याकडे भोगवटा दाखला काढण्याची सवयच नव्हती. परिणामी कर्नाटकात २०२५ मध्ये असंख्य तयार घरांची कायम जोडणी अडकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १२०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवरील घरांना सवलत द्यायचे ठरवले. ती आपल्या घराला लागू होते का, हे जेस्कॉमच्या उपविभागात लेखी विचारावे. तोंडी 'होतंय बघा' वर पत्रिका छापू नये. घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११ आधी हातात असावेत. माझ्या मते क्रम असा असावा : कागद, मीटर, मग मुहूर्त. आपण नेमके उलटे करतो. आमंत्रणे वाटून झाल्यावर शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढतो.

भाड्याच्या घरातून जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. गृहज्योतीची नोंद जुन्या मीटरच्या आरआर क्रमांकाला जोडलेली असते. सेवासिंधूवर ती आधी डी-लिंक करावी लागते, मगच नव्या घरासाठी अर्ज करता येतो.

आता पैशाचे. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. वीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ८.७५ टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे १७,६७० रुपये, तेच ७.५० टक्क्यांनी १६,११०. महिन्याला दीड हजारावर फरक. ऑक्टोबर २०१९ नंतरच्या, रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून एकदा तरी बदलावाच लागतो. जुन्या एमसीएलआरवाल्यांनी मात्र स्वतः शाखेत जाऊन बदल मागावा. बँक घरी येऊन सांगत नाही, हे मी आतून सांगतो. कित्येकदा दर उतरला तरी हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते. ते तोट्याचे नाही, पण आपल्याला माहीत असावे.

३१ मार्चपूर्वी घर पूर्ण दाखवण्याची धडपड मात्र आता बऱ्याच जणांना अनावश्यक झाली आहे. जुन्या करपद्धतीत ज्या आर्थिक वर्षात बांधकाम पूर्ण होते, त्या पूर्ण वर्षाच्या व्याजाची वजावट दोन लाखांपर्यंत मिळते. म्हणून मार्च आणि एप्रिलमध्ये फरक पडतो. नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घरासाठी ही वजावटच नाही. तेव्हा आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते आधी पाहावे, आणि नव्या पद्धतीत असल्यास ओल्या गिलाव्यावर रंग मारण्याची घाई करू नये.

मुहूर्त चुकला तर चार महिने थांबायचे का? हप्ता दोन्हीकडे चालूच असतो. थांबण्याची खरी किंमत म्हणजे भाडे. सहा हजार भाडे असेल तर चार महिन्यांचे चोवीस हजार. आपल्याकडे बरीच मंडळी साध्या चांगल्या दिवशी गणपतीपूजन करून, चुलीवर दूध उतू घालून राहायला जातात आणि वास्तुशांत, जेवणावळ पुढे सवडीने करतात. शेजारच्या कन्नड घरांतही दूध उतू घालतातच. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही तोड बहुधा पटते, फक्त सून-मुलाने विचारले पाहिजे, सांगून मोकळे होऊ नये.