बंगल्यामागचा जलतरण तलाव

पेठेतील वाडा सोडून उपनगरातील बंगल्यात राहण्यास गेलेल्या पिढीने ज्या गोष्टी हौसेने केल्या, त्यांत क्वचित कोठे घरामागचा जलतरण तलावही होता. बांधणारे गेले, मुले व्यापारात गुंतली, नातवंडे क्लबात पोहण्यास जाऊ लागली; तलाव मात्र आहे तेथेच राहिला. दुकानातील न खपणारा माल निदान वर्षअखेरीस मोजला तरी जातो. या तलावाची मोजदाद कोणी करीत नाही.

पुण्यात गुलटेकडीजवळ राहणाऱ्या, भुसार मालाचा व्यापार असलेल्या एका कुटुंबातील तलाव १९८४ सालचा आहे. लांबी १२ मीटर, रुंदी ५ मीटर, खोली एका टोकास १ मीटर आणि दुसऱ्या टोकास २ मीटर. म्हणजे भरल्यावर ९० हजार लिटर पाणी. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा मजले, दुकाने, गोदामे यांची वाटणी झाली. मागचे अंगण आणि तलाव तेवढे सामाईक राहिले. सामाईक वस्तूचे बहुधा जे होते तेच पुढे झाले. पंप बिघडला, तो कोणी दुरुस्त करावा हे ठरले नाही, आणि पावसाचे पाणी साचून हिरवे होऊ लागले. गतवर्षी धाकट्याच्या नातवास डेंग्यू झाला. पाच दिवस तो रुग्णालयात होता. आरोग्य विभागाच्या कर्मचाऱ्यांनी तलावातील पाण्यात डासांच्या अळ्या दाखविल्या, तेव्हा दोन्ही घरांत जे बोलले गेले ते येथे न सांगितलेले बरे.

थोरल्याचे म्हणणे, तलाव बुजवून टाकावा. धाकट्याचे म्हणणे, वडिलांची आठवण आहे, पूर्ववत करावा. दोघांनीही हिशेब मांडला नव्हता.

बुजविणे वाटते तितके सोपे नसते. या तलावास सुमारे ३२ ब्रास मुरूम लागला असता. शिवाय तळाला भोके न पाडता मुरूम भरला तर खालचे काँक्रीट वाडग्यासारखे पाणी धरून ठेवते, आणि वरची जमीन पुढे कित्येक पावसाळे खचत राहते. पूर्ववत करण्याचा खर्च तर दरवर्षीचा. पाणी कोठे जाते हेच आधी पाहावयास हवे होते. त्यासाठी एक बादली पुरते. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीतील आणि तलावातील पातळीवर खूण करावी आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी दोन्ही खुणा पाहाव्यात. बादलीतील घट ही बाष्पीभवनाची. तलावात त्याहून जी अधिक घट दिसेल ती गळती. आश्विनात हा प्रयोग केला तेव्हा बादली ५ मिलिमीटर उतरली, तलाव २३. फरक १८ मिलिमीटरांचा. ६० चौरस मीटर पृष्ठभागावर त्याचे दररोज १,०८० लिटर होतात. पाइप भिंतीतून जातो त्या सांध्याशी रंगीत पाणी सोडल्यावर ते आत ओढले जाताना स्पष्ट दिसले. गळती नसती तरी कडक उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर तेच ४२० लिटर झाले. ज्या गल्लीत मे महिन्यात टँकर येतात, तेथील हा आकडा आहे.

आई ८३ वर्षांच्या. त्यांनी दोन्ही मुलांचे ऐकून घेतले आणि अनर्थदंडविरमण व्रताचा विषय काढला. श्रावकाच्या गुणव्रतांतील हे व्रत आपण पाठ म्हणतो, पण घराच्या मागील दारापर्यंत ते क्वचितच नेतो. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे यांची गणना प्रमादचर्येत केली आहे. येथे ‘निष्प्रयोजन’ हा शब्द महत्त्वाचा. मुलांना पोहता येणे हे प्रयोजन आहे. पोहता न येणारे मूल पाण्याच्या काठी किती असुरक्षित असते हे कोणी सांगावयास नको. पण त्यासाठी २ मीटर खोलीचे काय काम? क्लोरीन घालून ९० हजार लिटर पाणी राखण्याचे काय काम? आईंचा प्रश्न एवढाच होता.

त्यातून तिसरा मार्ग निघाला. तलावाच्या बरोबर मध्यावर, जेथे खोली दीड मीटर आहे, आडवी भिंत घालावयाची. उथळ भाग, सुमारे ३७ हजार लिटरांचा, पोहण्यासाठी. खोल भाग, सुमारे ५० हजार लिटरांचा, वरून झाकून छपरावरच्या पावसाच्या पाण्यासाठी. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत चौकाखाली टांके असत. छताचे पाणी त्यांत उतरे, आणि उजेड आत जात नसल्याने ते दीर्घकाळ टिके. त्याच कल्पनेचे हे नवे रूप. बंगल्याचे छप्पर १८० चौरस मीटरांचे आणि पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी लाखभर लिटर हाती येतात. हे पाणी पिण्यासाठी नव्हे. बाग, फरशी, शौचालय यांसाठी. पहिल्या सरींचे घाण पाणी बाहेर सोडण्याची वेगळी तोटी, प्रत्येक तोंडावर बारीक जाळी आणि घट्ट झाकण एवढे मात्र हवेच. नाहीतर डासांना अंधारी खोली बांधून दिल्यासारखे व्हावयाचे.

गवंड्याने ही भिंत विटांत सुचविली होती. स्थापत्य अभियंत्याने ती साफ नाकारली. एक बाजू भरलेली आणि दुसरी रिकामी असता दीड मीटर पाणी ५ मीटर लांबीच्या भिंतीस साडेपाच टनांहून अधिक जोराने रेटते. तेथे सळई घातलेले काँक्रीटच लागते. झाकणाची स्लॅबही जुन्या कडांवर टेकविता येत नाही, कारण त्या भिंती वरचा भार पेलण्यासाठी बांधलेल्याच नसतात. अभियंत्याची फी वाचवू पाहणाऱ्यांनी हे दोन मुद्दे तरी ध्यानात घ्यावेत. तिसरा मुद्दा वेळेचा. भर पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये; भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामे टाके खालून वर उचलले जाऊन तडकू शकते. त्यामुळे अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू करून चातुर्मासापूर्वी संपवावयाचे ठरले.

खर्च निम्मा-निम्मा. त्याची वही वेगळी, आणि बिले दोघांच्याही नावे. जागा पुढे कधी विकली गेली तर सुधारणेवरील खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येतो, नित्याची डागडुजी धरता येत नाही. म्हणून दोहोंची बिले पहिल्या दिवसापासून निराळी ठेविली. पोहण्याच्या भागाभोवती कुलूप लागेल असे कुंपण घालण्यास थोरल्याने आधी नकार दिला होता, कारण अंगण लहान दिसेल. नातवाच्या आजारानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

वडिलांनी बसविलेल्या निळ्या फरश्यांशी जुळणारी फरशी बाजारात मिळाली नाही. कामगारांनी जपून काढलेल्या जुन्या फरश्यांपैकी १४० शाबूत निघाल्या. त्या उथळ भागाच्या काठाने एका ओळीत बसविल्या जात आहेत. कुंपणाच्या दोन किल्ल्या दोन्ही घरांत आणि तिसरी आईंच्या कपाटात राहणार आहे.