कोयत्याची अब्रू

गेल्या जून महिन्यात नव्याने दाखल झालेल्या एका विद्यार्थ्यास, वडील काय करितात, असे मी वर्गात सहज विचारले. "आमचा एक कोयता आहे, सर," असे त्याने उत्तर दिले, आणि वर्गात हशा पिकला. शहरातील मुलांनी कोयता हा शब्द गुंडांच्या टोळ्यांच्या बातम्यांतच काय तो वाचलेला. तो मुलगा मान खाली घालून बसला. त्या दिवशी मी वर्गास चार शब्द सुनावले. परंतु ते अपुरे वाटल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

कोयता हे मूळचे कष्टकऱ्याचे अवजार होय. लोखंड ठाऊक नव्हते तेव्हाही माणसास कापणी करावी लागतच होती. नाशिक व जोर्वे येथे सन १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गारेची लहान लहान पाती सापडली. अशी पाती ओळीने लाकडात बसवून त्यांचा विळ्यासारखा उपयोग करीत असावेत, असे पुराणवस्तूंचे अभ्यासक मानतात. सरळ सुरीने ताटे कापू गेल्यास ती निसटतात. वाकड्या पात्यात ती आपोआप गोळा होतात आणि ओढताच धार सरकत सरकत कापीत जाते. आपल्या आईच्या स्वयंपाकघरातील विळीही याच घराण्यातील. पेठ-सुरगाण्याकडील माणूस कोयता कमरेमागे अडकवूनच रानात जातो. घिसाड्याने मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पाणी देऊन घडविलेला कोयता पाहावा. आमच्या हस्तव्यवसायाच्या तासाला असे काही घडेल तर मी धन्य होईन!

सन १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे असे कारखाने महाराष्ट्रभर निघाले आणि कोयत्याचे काम फार वाढले. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. कारण बुडख्यात साखर अधिक असते आणि खोडवाही चांगला फुटतो. म्हणजे दिवसभर कंबर वाकलेली. पुरुष तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती दोघांस मिळून, आणि या जोडप्यासच 'एक कोयता' म्हणतात. एकटा मनुष्य असला तर तो 'अर्धा कोयता'!

कोयता शस्त्र होऊ शकत नाही, असे मी म्हणत नाही. भाले मोडून कोयते घडविले जातील असा दिवस यशया संदेष्ट्याने पाहिला. त्याच पवित्र शास्त्रात योएलाने नेमकी उलटी हाक दिली आहे. सन २०२३ मध्ये पुण्याच्या पोलिसांनी, कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहावे, असे दुकानदारांस सांगितले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गुंडांनी या अवजाराची अब्रू घेतली, ती काही वर्षांपूर्वी. आपण सभ्य माणसांनी मात्र कित्येक वर्षे माणसांची गणती अवजाराने चालविली आहे, आणि तिचे आपणांस काहीच वाटत नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यासही आपण 'दोन औतांचा धनी' म्हणतोच की. होय, परंतु तेथे औत ही त्याची मालमत्ता असते, तो स्वतः औत नसतो. येथे तर माणूसच कोयता झाला. त्यातही पुरुषाचे नाव मुकादमाच्या वहीत निदान चढते. निम्मे काम करणाऱ्या बाईचे बहुधा चढतही नाही.

त्या मुलाच्या दाखल्याच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मी 'ऊसतोडणी' असे लिहिले. आईच्या नावापुढे आधी कोणी 'घरकाम' लिहिले होते. ते खोडून तेथेही 'ऊसतोडणी' लिहिले. दिवाळीनंतर ती दोघे निफाडकडील फडावर गेली. मुलगा वसतिगृहात आहे, आणि गणितात बरा आहे.