शेजाऱ्यांदेखत दिलेले मत: आयोवाच्या कॉकसमधून काय घ्यावे, काय सोडावे

१/
३ जानेवारी २००८, गुरुवार. अमेरिकेतील आयोवा राज्य. सायंकाळी सातच्या सुमारास शाळांची व्यायामगृहे, चर्चची सभागृहे, ग्रंथालये माणसांनी भरून गेली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभांना त्या रात्री सुमारे २,३९,००० लोक आले. २००४ मध्ये हाच आकडा सुमारे १,२४,००० होता. सतराशेहून अधिक ठिकाणी एकाच वेळी भरलेल्या या सभांना म्हणतात ‘कॉकस’.

२/
प्रत्येक पक्षाला अध्यक्षपदासाठी आपला उमेदवार ठरवावा लागतो. आपल्याकडे यालाच ‘तिकीट’ म्हणतात आणि ते वरून येते. अमेरिकेत ते पक्षाच्या सामान्य समर्थकांकडून येते. त्याच्या दोन वाटा आहेत. ‘प्रायमरी’त मतदान केंद्रावर जायचे, गुप्त मत द्यायचे आणि परतायचे. ‘कॉकस’मध्ये मात्र वस्तीतल्या सभेला जाऊन बसावे लागते.

३/
आयोवातील डेमोक्रॅटिक कॉकसची जुनी रीत अशी: आलेल्यांची मोजदाद होई. मग ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या नावाच्या कोपऱ्यात त्याने उभे राहायचे. सामान्यतः उपस्थितांपैकी किमान १५ टक्के लोक ज्या कोपऱ्यात असत, तोच गट टिके. बाकीच्यांना दुसऱ्या गटात जाण्याची, आपसांत जुळवून घेण्याची किंवा घरी जाण्याची मुभा असे. शेवटी गटांच्या आकारानुसार पुढील अधिवेशनासाठी प्रतिनिधी वाटले जात.

४/
एक काल्पनिक सभा घेऊ. उपस्थित १२०, म्हणजे टिकण्यासाठी १८ माणसे हवीत. चार कोपऱ्यांत ५२, ३८, १७ आणि १३ लोक उभे आहेत. १७ जणांच्या गटाला अवघे एक माणूस कमी पडते. आता सगळी सभा त्या १३ जणांभोवती गोळा होते. कोणी आरोग्यविम्याबद्दल बोलतो, कोणी युद्धाबद्दल, कोणी जुन्या ओळखीची आठवण देतो. त्या अर्ध्या तासात १३ सामान्य माणसांच्या मताला जी किंमत येते, ती त्यांना एरवी क्वचितच मिळते.

५/
ही रीत आता जवळजवळ संपली आहे. तिच्यावरचे मृत्युलेख दोन सुरांत लिहिले जातात: ‘लोकशाहीची पाठशाळा बुडाली’ किंवा ‘एक अन्याय्य विधी एकदाचा गेला’. दोन्ही सूर अर्धे बरोबर आहेत. कॉकसने दोन भिन्न गोष्टी एकाच गाठीत बांधल्या होत्या: शेजाऱ्यांमधली चर्चा आणि मतांची मोजणी. मोजणी तिथून हलवणे योग्यच होते. तिच्याबरोबर चर्चाही निघून जाणे हे मात्र खरे नुकसान आहे.

६/
हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. फेब्रुवारी १७६३ मध्ये जॉन ॲडम्स (पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष) आपल्या रोजनिशीत बोस्टनच्या ‘कॉकस क्लब’ची नोंद करतात. टॉम डॉज यांच्या घराच्या माळ्यावर काही मंडळी जमतात, तंबाखूच्या धुरात पेयपान करतात आणि नगराचे अधिकारी कोण असावेत हे नगरसभेच्या आधीच ठरवून टाकतात. म्हणजे कॉकसचा जन्म खुल्या सभेत झाला नव्हता. तो बंद माळ्यावर झाला होता.

७/
पुढे हाच माळा राष्ट्रीय झाला. अमेरिकी संसदेतील पक्षसदस्य एकत्र बसून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवू लागले. टीकाकारांनी या पद्धतीला ‘किंग कॉकस’ म्हणजे ‘राजे कॉकस’ असे उपरोधिक नाव दिले. १८२४ मध्ये बहुसंख्य सदस्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. केवळ ६६ जणांनी जमून विल्यम क्रॉफर्ड यांना उमेदवारी दिली. निवडणुकीत क्रॉफर्ड मागे पडले आणि ‘राजे कॉकस’ कायमचे पदच्युत झाले.

८/
त्यानंतर पक्षांच्या अधिवेशनांचे युग आले. पहिले राष्ट्रीय उमेदवारी-अधिवेशन १८३१ मध्ये बाल्टिमोर येथे ‘अँटी-मेसनिक’ पक्षाने भरवले. या अधिवेशनांना प्रतिनिधी पाठवण्यासाठी वस्तीवस्तीतून सभा भरू लागल्या आणि कॉकस हा शब्द माळ्यावरून खाली, लोकांत आला. आयोवाने १९१६ मध्ये प्रायमरी करून पाहिली. खर्च मोठा झाला, मतदार थोडे आले आणि राज्य पुन्हा सभांकडे वळले.

९/
तरीही १९६८ पर्यंत खरी सूत्रे नेत्यांच्याच हाती होती. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नाही, तरी शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवारी त्यांनाच मिळाली. बाहेर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या. आत आणि बाहेर यांतली ही दरी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली.

१०/
त्या लाजिरवाण्या अनुभवातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला. उमेदवार निवडण्याची प्रक्रिया खुली हवी, वेळेवर हवी, सामान्य समर्थकाला तिच्यात शिरता आले पाहिजे, असे नियम आले. आयोवात सभा चार पायऱ्यांनी चालत: वस्ती, काउंटी, मतदारसंघ, राज्य. दोन पायऱ्यांत पुरेसे अंतर ठेवायचे आणि राज्य अधिवेशन तर मे महिन्यात. उलटे मोजत गेल्यावर पहिली पायरी २४ जानेवारी १९७२ वर आली. आयोवाचा ‘पहिला नंबर’ असा वेळापत्रकातून जन्मला.

११/
१९७६ मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांनी या वेळापत्रकाचे मोल ओळखले. फारसे कोणाला ठाऊक नसलेला हा माणूस आयोवात घरोघरी फिरला. त्या रात्री सर्वाधिक पसंती खरे तर ‘अनिर्णीत’ला मिळाली होती, पण उमेदवारांत कार्टर पहिले आले आणि वृत्तपत्रांनी त्यांनाच विजेता ठरवले. पुढच्या जानेवारीत ते अध्यक्ष झाले. तेव्हापासून प्रत्येक इच्छुकाला आयोवाच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसणे भाग पडले.

१२/
२००८ ची गर्दी हा या पद्धतीचा सर्वोच्च क्षण होता. त्या रात्री आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पहिल्यांदाच कॉकसला आले होते. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांनाही प्रवेश होता. पक्षाची नोंदणी दारातच होत होती. नव्वद टक्क्यांहून अधिक गोरी लोकवस्ती असलेल्या राज्याने बराक ओबामा यांना पहिल्या स्थानी आणले. आपले शेजारी एका कृष्णवर्णीय उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे आहेत, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

१३/
या उघडेपणाचे समर्थन करणारा एक मोठा विचारवंतही आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ मध्ये गुप्त मतदानाला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: मत ही खासगी मालमत्ता नाही, तो समाजाने सोपवलेला विश्वास आहे, म्हणून ते समाजाच्या नजरेसमोर द्यावे. चारचौघांत कारण सांगावे लागले की निव्वळ स्वार्थाने मत देणे माणसाला जड जाते. कॉकसच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला हे पटले असते.

१४/
इतिहासाने मात्र मिल यांच्या विरुद्ध कौल दिला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत १८५६ मध्ये, ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये आणि अमेरिकेत १८८८ पासून राज्याराज्यांत गुप्त मतपत्रिका आली. कारण सरळ होते. ज्याच्या जमिनीवर कूळ राबते, ज्याच्या कारखान्यात मजूर कामाला आहे, त्याच्यासमोर दिलेले मत ‘उघड’ असते, पण मोकळे नसते. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानेही मताची गुप्तता जपली आहे.

१५/
कॉकसच्या सभागृहात हीच अडचण सौम्य रूपात शिल्लक राहिली. समोरच्या कोपऱ्यात कामाच्या ठिकाणचा वरिष्ठ उभा असेल, कामगार संघटनेचा पुढारी असेल, सासरे असतील. कोणी धमकी देत नाही. नुसती नजर पुरते. ग्रामसभेत हात वर करताना आधी कोणाकडे पाहिले जाते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१६/
त्याहून गंभीर प्रश्न न आलेल्यांचा. सायंकाळी सात ही वेळ रात्रपाळीच्या परिचारिकेची नाही, उपाहारगृहातल्या वाढप्याची नाही, तान्ह्या मुलाच्या आईची नाही, बर्फावर पाय घसरण्याची भीती असलेल्या वृद्धाची नाही. प्रायमरीत अनेक ठिकाणी टपालाने मत देता येते. कॉकसमध्ये देह हजर हवा, तोही दोन-दोन तास. खचाखच भरलेल्या सभागृहाचे छायाचित्र पाहताना दाराबाहेर राहिलेले लोक त्यात दिसत नाहीत.

१७/
या फरकाचा पडताळा २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात मिळाला. मार्चमधील डेमोक्रॅटिक कॉकसला सुमारे २,३०,००० लोक आले आणि बर्नी सँडर्स यांना सुमारे ७३ टक्के पाठिंबा मिळाला. मे महिन्यात त्याच राज्यात, त्याच पक्षाची प्रायमरी टपाली मतपत्रिकांनी झाली. तिचा निकाल बंधनकारक नव्हता. मते पडली सुमारे ८ लाख आणि पुढे राहिल्या हिलरी क्लिंटन. दोन्हींच्या मध्ये दोन महिने गेले होते हे खरे. पण एवढी उलथापालथ केवळ दोन महिन्यांची नसावी. मते विचारण्याची पद्धत बदलली, तसा ‘पक्ष’च बदलला.

१८/
मोजणीची विश्वासार्हताही ढासळत गेली. २०१६ मध्ये आयोवात क्लिंटन आणि सँडर्स यांच्यात अर्ध्या टक्क्याहूनही कमी अंतर होते आणि काही सभांत उरलेला प्रतिनिधी कोणाचा, हे नाणे उडवून ठरवावे लागले. ३ फेब्रुवारी २०२० ला निकाल कळवण्यासाठी केलेले ॲप कोलमडले. निकाल कित्येक दिवस लांबला. प्रतिनिधी पीट बुटिजिज यांना अधिक, प्रत्यक्ष मते सँडर्स यांना अधिक. असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीर करण्यासच नकार दिला.

१९/
सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०२० मध्ये ज्यांना आपल्या वस्तीत हजर राहणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ‘उपग्रह कॉकस’ भरवण्यात आल्या. आयोवाचे काही मतदार पॅरिस, ग्लासगो आणि तिबिलिसी येथे जमले. दूरध्वनीवरून सहभागाची योजना मात्र सायबर सुरक्षेच्या भीतीने पक्षाने आधीच बाद केली होती. माणसाला सभेपर्यंत आणण्याच्या या साऱ्या खटपटी होत्या. मत माणसापर्यंत नेणे त्याहून सोपे होते.

२०/
म्हणून राज्ये एकामागून एक बाहेर पडली. मिनेसोटा, कोलोरॅडो, मेन, वॉशिंग्टन यांनी २०२० साठी प्रायमरी स्वीकारली. २०२४ मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅट्सनी पसंतीची पत्रके टपालाने मागवली आणि निकाल ५ मार्चला लावला. १५ जानेवारीच्या सभा त्यांनीही घेतल्या, पण फक्त पक्षाच्या कामकाजासाठी. अध्यक्षपदाचे मत सभागृहाबाहेर गेले.

२१/
त्याच रात्री, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला सुमारे १,१०,००० लोक आले. त्यांची रीत पूर्वीपासून वेगळी आहे: आधी प्रत्येक उमेदवाराच्या वतीने छोटी भाषणे, मग कागदावर गुप्त मत. चर्चा उघड, मत झाकलेले. नजरेचा धाक यातून जातो. मात्र मत देण्यासाठी हजेरीची सक्ती तशीच राहते आणि रात्रपाळीची परिचारिका याही वेळी बाहेरच राहते.

२२/
यावर एक रास्त आक्षेप आहे: मतच तिथे नसेल, तर नुसत्या चर्चेला कोण येईल? २००८ ची गर्दी चर्चेसाठी आली नव्हती, निकाल घडवायला आली होती. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण कॉकसमध्ये आणखी कामे नेहमीच होत आली आहेत: वस्तीची पक्षसमिती निवडणे, काउंटी अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवणे, पक्षाच्या धोरणासाठी ठराव मांडणे. या ठरावांना पक्षाने खरे वजन दिले, तर सभेला येण्याचे कारण उरते.

२३/
सभेशिवाय उरलेली प्रायमरीही निर्दोष नाही. तिथे मतदाराची गाठ जाहिरातीशी पडते, शेजाऱ्याशी नाही. दुसऱ्या पसंतीचा उमेदवार कोण, हे तिला कोणी विचारत नाही. समोरच्या कोपऱ्यातला माणूस तसा का विचार करतो, हे ऐकण्याचा प्रसंगच येत नाही. प्रायमरीने हक्क अधिक लोकांपर्यंत नेला, पण तो एकट्याने बजावायला शिकवला.

२४/
भारतीय वाचकाने हा इतिहास दूरचा मानू नये. आपले मत गुप्त आहे आणि त्याचा योग्य अभिमान आपण बाळगतो. पण त्या मतपत्रिकेवर कोणाचे नाव यावे, यात पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्याला किती वाव असतो? पक्षाने उमेदवार सदस्यांच्या मताने निवडावा, अशी सक्ती आपला निवडणूक कायदा करत नाही. यादी रात्री उशिरा ‘वरून’ येते, कार्यकर्ते सकाळी ती वाचतात, नाराज बंडखोरी करतात. ॲडम्स यांनी नोंदवलेला बोस्टनचा तो माळा आपल्याकडे अजून शाबूत आहे.

२५/
आयोवाची रीत जशीच्या तशी उचलावी, असा याचा अर्थ नाही. तिच्या चुका आता सर्वांसमोर आहेत. घेण्यासारखे एवढेच: उमेदवार ठरण्याआधी वस्तीत सभा व्हावी, तिथे कोणालाही बोलता यावे, समोरच्याचे म्हणणे ऐकून विचार बदलणाऱ्याला कोणी ‘दलबदलू’ म्हणू नये. आणि त्यानंतरचे मत गुप्त असावे, हवे तर चार दिवस चालावे, म्हणजे सभेला येऊ न शकलेल्यांनाही ते देता येईल. जो पक्ष आपल्याच माणसांना एवढेही देऊ शकत नाही, त्याने देशाला लोकशाहीचे आश्वासन कोणत्या बळावर द्यावे, हे त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या यादीआधी विचारायला हवे.