‘फॉरमॅट मारावा लागेल!’

संगणक दुरुस्तीच्या दुकानात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे विचारले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडासमोरच्या टपरीवजा दुकानापर्यंत उत्तर एकच मिळेल : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ रात्री लॅपटॉप बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’वर बोट पडते आणि सकाळी यंत्र उठायलाच तयार नसते. कधी ठिपक्यांचे वर्तुळ तासन्‌तास फिरत राहते, कधी निळा पडदा येतो, कधी नुसताच काळोख. मालक घाबरून यंत्र काखेत मारतो आणि दुकान गाठतो. दुकानदार दोन कळा दाबून पाहतो आणि निकाल देतो. नाडी न बघताच वैद्याने शस्त्रक्रियेची तारीख द्यावी, तसा हा प्रकार. मालक मान डोलावतो; कारण फॉरमॅट म्हणजे नेमके काय, हे त्याला लॅपटॉप घरी परत आल्यावरच कळते. यंत्र सुरू झालेले असते, पण आत काहीही नसते. मुलीच्या प्रबंधाची तीन प्रकरणे, सोसायटीचे सात वर्षांचे हिशेब, गेलेल्या वडिलांची छायाचित्रे, सगळे पुसलेले.

यातला खरा अन्याय असा की, बहुतेक वेळा हे पुसण्याची गरजच नसते. अपडेट फसले म्हणून डिस्क जळत नाही. लॅपटॉपचे बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो बूट लोडरला हाक मारतो, बूट लोडर विंडोजचा गाभा उचलतो आणि गाभा मग पडदा, कीबोर्ड, डिस्क यांचे ड्रायव्हर एकेक करून कामाला लावतो. या साखळीतली एखादी कडी अपडेटमध्ये अर्धवट बदलली गेली, की पुढचे सगळे अडते. आपल्या फायली या साखळीत कुठेच नसतात. त्या डिस्कवर आपल्या जागी शाबूत असतात. जिना कोसळला म्हणून कुणी दुसऱ्या मजल्यावरचे सामान जाळून टाकत नाही.

म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा. पहिला उपाय म्हणजे काहीही न करणे. वर्तुळ फिरते आहे, डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे, तर अपडेट अजून चालू असू शकते. जुन्या यंत्रावर त्याला दोन-तीन तासही लागतात. अशा वेळी बटण दाबून यंत्र बंद करणारे स्वतःच्या हाताने बिघाड घडवतात. बराच वेळ काहीच हलले नाही, तर मग चार्जर काढावा, पेनड्राइव्ह-प्रिंटर जे जोडलेले असेल ते सोडवावे, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. एवढ्यानेही बरीच यंत्रे उठतात. नाहीच उठले, तर सुरू होण्याचे दोन-तीन प्रयत्न लागोपाठ फसल्यावर विंडोज आपणहून एक दुरुस्तीची खोली उघडते. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ असते आणि शेवटचे अपडेट काढून टाकण्याचीही सोय असते. या प्रसंगात खरे औषध ते ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’चे. ते लागू पडले नाही तर सेफ मोड, त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर. ‘रिसेट धिस पीसी’ हा त्या रांगेतला शेवटचा उपाय. त्यातही दोन पर्याय असतात : ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पहिल्यात प्रोग्राम जातात, फायली राहतात. दुसऱ्यात सगळेच जाते. घाईत दुसऱ्यावर बोट ठेवणाऱ्यांची संख्या थोडी नसावी. आणि हेही नको असेल, तर दुसऱ्या यंत्रावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी फायली बाहेर काढाव्यात आणि मग खुशाल फॉरमॅट मारावा.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. ही सगळी तपासणी नीट करायची तर अर्धा दिवस मोडतो, आणि ‘नुसते बघायचे’ पैसे द्यायला आपल्याकडे गिऱ्हाईक तयार नसते. फॉरमॅटला ठरलेला दर असतो, हमखास यश असते आणि यंत्र नव्यासारखे पळते. फायलींचे पुढे काय झाले, हे गिऱ्हाईकही सुरुवातीला विचारत नाही. तेव्हा दोष एकट्या त्याच्या माथी मारून चालणार नाही.

पण गेल्या काही वर्षांत या दुखण्याला एक नवे आणि अधिक गंभीर वळण लागले आहे. पूर्वी काहीच जमले नाही तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येई आणि फायली उतरवून घेता येत. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असते. विंडोजच्या या कुलपाचे नाव बिटलॉकर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, की ते आपोआप लागण्याची व्याप्ती वाढली. हेतू चांगलाच आहे : लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतले वाचता येऊ नये. मदरबोर्डवरची एक चिप या कुलपाची राखण करते आणि सुरू होण्याच्या साखळीत काही बदललेले दिसले, की संशयाने दार लावून घेते. मग पडद्यावर ४८ आकड्यांची चावी मागितली जाते. गंमत अशी की, साखळीत बदल करणारा चोरच असतो असे नाही. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही यंत्रांनी मालकालाच अशी चावी मागितली. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही यंत्रांवर तेच पुन्हा घडले. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली आणि दुरुस्ती पाठवली. परंतु ज्याचे दार त्या सकाळी बंद झाले, त्याला चावी शोधावीच लागली.

ही चावी असते कुठे? घरगुती यंत्रात बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. कोणाच्या खात्यात, ही खरी गोम. आपल्याकडे लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून देतो दुकानातला पोरगा, नाही तर शेजारचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. ई-मेलचा पत्ता मागितला जातो, काका म्हणतात, ‘तुझाच टाक रे काहीतरी.’ चावी जाऊन बसते त्या ‘काहीतरी’ खात्यात. तीन वर्षांनी दार बंद होते तेव्हा तो पोरगा नोकरी बदलून दुबईला गेलेला असतो आणि पासवर्ड त्यालाही आठवत नसतो. हरवलेली चावी पुन्हा तयार करून देणे आपल्यालाही शक्य नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे मग खरोखरच फॉरमॅट मारावा लागतो. सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या यंत्राचे ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का आणि चावी नेमक्या कोणत्या खात्यात आहे, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे यंत्र चालू असतानाच खर्चायची असतात, एवढीच अट.

तज्ज्ञांच्या हाती असलेली यंत्रे तरी यातून सुटतात का? शुक्रवार, १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवावी. आपल्या घड्याळात ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या यंत्रांवर एक सदोष फाइल पाठवली. ७८ मिनिटांत ती मागेही घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर गेली आणि पुन्हा पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात अडकली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. मात्र अनेक ठिकाणी ते प्रत्येक यंत्रापुढे माणूस बसवूनच करावे लागले, आणि जिथे बिटलॉकर होते तिथे आधी ते ४८ आकडे. मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ दिवसेंदिवस चाव्यांच्या याद्या घेऊन टेबलामागून टेबल फिरत होते. पुढचा किस्सा आणखी बोलका. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ज्या दिवशी विंडोज १० चा नियमित आधार संपला त्याच दिवशी, विंडोज ११ साठी आलेल्या अपडेटने वर सांगितलेल्या दुरुस्तीच्या खोलीतच यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस निकामी केले. दवाखान्याचे दारच आतून बंद! सहा दिवसांनी तातडीची दुरुस्ती आली. (मॅकवाल्यांनी हसू नये. २०२१ च्या मॉन्टेरी अपडेटनंतर काही मॅकही सुरू होईनात, हे अ‍ॅपललाही मान्य करावे लागले होते.)

यावर ‘मग अपडेट बंदच ठेवावे’ असा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो घातक आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांतले संगणक ओलीस धरले, ब्रिटनच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून ते शिरले, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते. ते न घेतलेली यंत्रे आयतीच सापडली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट देण्याची मायक्रोसॉफ्टची प्रथा २००३ पासूनची. घरगुती माणसाने ते आठवडाभर थांबून घ्यावे आणि त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. आठ दिवसांत इतरांची यंत्रे आपल्या वतीने परीक्षा देऊन मोकळी झालेली असतात. हे जरा आपमतलबी आहे खरे. पण कंपन्याही आपल्याला न विचारताच परीक्षेला बसवतात.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, तेव्हापासून दुरुस्तीच्या हक्काची भाषा आपल्याकडेही होऊ लागली आहे. ती मुख्यतः सुट्या भागांभोवती आणि माहितीपुस्तिकांभोवती फिरते. चावीचा मुद्दाही त्यात यायला हवा. लॅपटॉप विकताना बिल मिळते, वॉरंटीचा कागद मिळतो, वर एक बॅगही मिळते. कुलूप आपोआप लागणार असेल, तर ते लागत असतानाच यंत्राने मालकाला त्याच्या भाषेत सांगायला नको का, की ही तुझी चावी, ही कागदावर उतरव, त्याशिवाय मी पुढे जाणार नाही? आणि विक्रेत्याने ते ४८ आकडे ग्राहकादेखत छापून बिलाच्या पाकिटात का घालू नयेत? कागद हरवेल, गैरहाती पडेल, असा आक्षेप घेतला जाईल. ज्या घरांतून आजोबांच्या नावचा सातबारा अजून ट्रंकेच्या तळाशी घडी करून ठेवलेला आहे, त्या घरांना आणखी एक कागद जड होणार नाही.