अण्णांचा कॉम्प्युटर

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरी एखादी वस्तू अशी निघतेच, की जी ठेवावी असे कोणाला वाटत नाही आणि टाकून द्या असे म्हणायला कोणी पुढे होत नाही. २०२५ सालच्या दिवाळीआधी आमच्या डोंबिवलीच्या घरात हा मान कॉम्प्युटरला मिळाला. २०१२ साली तो घरी आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिले होते, शेजारी पेढे वाटले होते. तेरा वर्षांनंतर त्याची अवस्था अशी की, बटण दाबावे, चहाचे आधण ठेवावे, चहा प्यावा, कपबशी विसळून ठेवावी आणि येऊन पाहावे तर पडद्यावरचे ते वर्तुळ आपले शांतपणे फिरतच असावे!

"अहो, देऊन टाका ते धूड भंगारवाल्याला," सौ. म्हणाली. "त्या टेबलावर माझे शिवणयंत्र तरी राहील."

तिचे म्हणणे चूक नव्हते. कन्येजवळ तिचा लॅपटॉप आहे, माझे काम कॉलेजात आणि फोनवर भागते. खरे म्हणजे हा कॉम्प्युटर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पोस्टातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी तो हट्टाने घेतला आणि एका बोटाने मराठी टंकलेखन शिकले. २०१९ साली अण्णा गेले. तेव्हापासून त्याच्यापुढे कोणी मांडी ठोकून बसले नव्हते. तरीपण मी म्हटले, "आधी दुरुस्त करून पाहू." विजेचा फ्यूज बदलणे एवढीच माझी यांत्रिक विद्या असल्यामुळे सौ.ने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याचे वर्णन करीत नाही.

पहिला घोटाळा तारखेचा. रोज सकाळी या गृहस्थांच्या मते १ जानेवारी २०१२ हीच तारीख असे आणि मग इंटरनेटवरची बहुतेक पाने उघडायला नकार देत. मी दोन दिवस इंटरनेटवाल्याशी भांडलो. वस्तुतः त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की कालगणना पुसली जाते. प्रत्येक संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर मुदतीच्या तारखा असतात. आपल्या घरचे घड्याळ २०१२ दाखवीत असेल, तर ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलेले नाही असे कॉम्प्युटरला वाटते आणि तो दार लावून घेतो. तर्क बिनचूक, फक्त गृहीतक चुकलेले. आमच्या प्राध्यापकवर्गात हा प्रकार पुष्कळ आढळतो.

बॅटरी बदलली, तारीख सुधारली. वेग मात्र तोच. मग खालच्या मजल्यावरच्या एका स्नेह्यांनी फुकट मिळणारे एक 'शक्तिवर्धक' सुचविले. ते घातल्याबरोबर त्याने पाच मिनिटांत हजारावर दोष शोधून लाल अक्षरांत मांडले आणि ते काढण्यासाठी पैसे मागितले. हजार दोष असलेला प्राणी चालतो कसा, हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता. ही असली चूर्णे यंत्र सुरू होताच स्वतः जागी होऊन बसतात. दुखणे एक होते, दोन झाली.

शेवटी कन्येला दया आली. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे तिला दया क्वचितच येते. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप अशी तीन बटणे एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. "बाबा, औषध देण्याआधी नाडी बघायची असते," ती म्हणाली. त्या खिडकीत कोण किती राबतो आहे याचा हिशेब असतो. आमच्याकडे प्रोसेसर, म्हणजे मेंदू, शंभरातले दहा टक्केसुद्धा काम करीत नव्हता. रॅम जवळजवळ भरलेली होती. आणि हार्ड डिस्क शंभर टक्के, एक क्षण उसंत नाही.

हे मला समजेना, तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात नेले. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. हाताशी लागणारे सगळे ओट्यावर असले की स्वयंपाक झरझर होतो. ओटा लहान आणि पदार्थ दहा, असे झाले म्हणजे दर वेळी एक डबा माळ्यावर ठेवायचा आणि दुसरा खाली काढायचा, म्हणजे स्टुलावर चढउतार. स्वयंपाकीण कितीही चपळ असो, तिचा दिवस स्टुलावरच जाणार. आमचा ओटा ४ जीबीचा. २०१२ साली तो ऐसपैस होता. आजची एखादी ब्राउझरची खिडकी चार पाने उघडून त्यावर पसरली की संपला.

आणि माळाही कसा? त्या डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखे एक टोक तिच्यावर अधांतरी फिरते. हव्या त्या जागी जायला त्या टोकाला सेकंदाचे साधारण आठ-नऊ सहस्रांश लागतात. मग तबकडीचा हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत सरासरी आणखी चार. वाचकांना हा वेळ नगण्य वाटेल. पण विखुरलेल्या जागांवरून माहिती गोळा करायची, तर एका सेकंदात शंभर ठिकाणेसुद्धा होत नाहीत, आणि यंत्र सुरू होताना अशी हजारो ठिकाणे गाठावी लागतात. नव्या पद्धतीच्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. सगळा कारभार विजेचा, म्हणून तीच ठिकाणे ती सेकंदात हजारोंनी गाठते.

एवढे सांगून ती थांबली. मग कान यंत्राला लावून म्हणाली, "ही टिकटिक कधीपासून आहे?" मला वाटत होते, ते घड्याळ असेल!

डिस्क आपल्या दुखण्याची टिपणवही स्वतःच ठेवते. एखादी जागा खराब झाली की तिथला मजकूर राखीव जागेत हलवायचा आणि त्याची नोंद करायची, असा तिचा शिरस्ता. घरातली वडीलधारी माणसे नाही का, गुडघा दुखतो हे कोणाला न सांगता जिना हळू चढू लागतात, तसेच हे. कन्येने ती वही उघडली. राखीव जागा संपत आल्या होत्या आणि वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा वाढत होता. तिने ताबडतोब यंत्र बंद केले.

"बाबा, वेगाचे राहू द्या. यात पुन्हा विकत मिळणार नाही असे काय आहे?"

मी 'काही नाही' म्हणणार होतो. तेवढ्यात मला अण्णांची पाठ दिसली, एका बोटाने टकटक करणारी. आपल्या गावच्या, पोस्टातल्या, घरच्या आठवणी ते या यंत्रावर लिहीत होते. एक प्रकरण झाले की हाक मारीत, "अरे, वाचून बघ जरा, शुद्धलेखन सांभाळ." मी म्हणे, "सवडीने बघतो, अण्णा." दर वर्षी परक्या मुलांच्या शेकडो उत्तरपत्रिका शुद्धलेखनासकट तपासणाऱ्या मला ती सवड सहा वर्षांत मिळाली नाही, आणि पुढे ते गेल्यावरची सहा वर्षे मी त्या यंत्राकडे पाहण्याचेच टाळले.

पुढचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. मरणाऱ्या डिस्कला झाडूनपुसून, तिच्यावरचा पसारा लावून वेग वाढविण्याची खटपट करणे म्हणजे तापकऱ्याला कवायत सांगणे. तिला कमीत कमी राबवायचे आणि जे सर्वांत मोलाचे ते सर्वांआधी काढून घ्यायचे. खालच्या स्नेह्यांनी डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याचा तोडगा सांगितला. तसे पूर्वी कोणी कोणी करीत. पण गार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, आणि तबकडीवर दव म्हणजे कारभारच आटोपला. सौ.ने वेगळ्या कारणासाठी नकार दिला. फ्रीजमध्ये चक्का होता.

कन्येने ती डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. वाचता येईल ते आधी घ्यायचे, अडेल तिथे हट्ट न करता पुढे जायचे आणि शेवटी अडलेल्या जागांकडे परत यायचे, अशा रीतीने नक्कल करणारे साधन तिच्याजवळ होते. परीक्षेत पेपर असाच सोडवा म्हणून मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. अण्णांच्या त्रेचाळीस फायली होत्या. एक्केचाळीस आल्या.

लॅपटॉपवर पहिली फाइल उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. पानभर इंग्रजी अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे यांचा काला! पण मजकूर सुखरूप होता, लिपी तेवढी हरवली होती. अण्णांचा फाँट जुन्या पद्धतीचा. अशा फाँटांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसविलेली असत. फाँट गेला की खुर्च्यांचे मूळ मालक उठून दिसतात. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीला स्वतःच्या क्रमांकांची जागा दिली, म्हणून आज फोनवर लिहिलेले मराठी कुठेही मराठीच दिसते. जुन्याचे नवे करून देणारी साधने आहेत. मात्र ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यापाशी ती अडखळतात. जुन्या फाँटात वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदलेली, युनिकोडात अक्षर आधी आणि वेलांटी मागून; रफाराचे नेमके उलट. त्यामुळे अण्णांच्या 'पूर्वी'चा आणि 'किती'चा पार चुराडा झाला होता. ते सगळे मी हाताने नीट केले. शुद्धलेखन सांभाळ म्हणाले होते ना!

यंत्राची दुरुस्ती त्यापुढे अगदीच किरकोळ ठरली. रविवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने, "सर, रॅम डीडीआर ३ आहे का ४?" असे विचारले तेव्हा कन्येने लिहून दिलेली चिठ्ठी मी पुढे केली. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. एक एसएसडी आणि रॅमची एक पट्टी, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. जुन्या पट्टीच्या पितळी दिसणाऱ्या कडेवर त्याने साधे शाळकरी खोडरबर घासले आणि, "साहेब, अर्धे पेशंट इथेच बरे होतात," म्हणाला. घरी आल्यावर पंखा बोटाने धरून पोटातली धूळ उडविली. अर्धा ओंजळ निघाली. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच मंद होतो, तेव्हा धूळसुद्धा वेग खात होती तर.

राहता राहिली विंडोज १०. तिला सुरक्षेची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन आमच्या साफसफाईत, बंद झाली. आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींत आमचे २०१२ चे प्रोसेसर बसत नाही. कन्येने लिनक्स मिंट घातले. ते विनामूल्य आहे आणि त्यावर मराठी उत्तम लिहिता येते. आता बटण दाबल्यावर मी चष्मा लावीपर्यंत यंत्र तयार असते. शिवणयंत्राला दुसरे टेबल पाहावे लागले, त्याचा खर्च मी मुद्दामच या हिशेबात धरलेला नाही.

मग रोज रात्री जेवणे झाली की एकेक प्रकरण मी मोठ्याने वाचू लागलो. अण्णांची वाक्ये छोटी, तारेसारखी, शब्दाला पैसे पडत असल्यासारखी. ती वाचताना लाल शाईचे पेन हातात घ्यावेसे वाटले नाही.

न निघालेल्या दोन फायलींची नावे तेवढी वाचता येत होती. एक, घरखर्चाचा हिशेब. दुसरी, तेविसावे प्रकरण, 'आईचे जाते'. माझ्या आजीविषयी अण्णांनी आणखी कुठेही लिहिलेले नाही.

ठाण्याला माझी आत्या असते, अण्णांच्या पाठची. तिला फोन केला, जात्याची काय हकीकत होती म्हणून विचारले. बराच वेळ ती बोललीच नाही.

"ते फोनवर सांगायचे नाही रे," ती म्हणाली. "भाऊबीजेला ये. येताना वही आण. आणि सवडीने ऐकतो म्हणालास, तर मी एक अक्षर सांगायची नाही. दादा मला नेहमी म्हणायचा, तो सवडीने वाचणार आहे."

भाऊबीजेला दोनशे पानी वही घेऊन गेलो. जेवण झाल्यावर ती जी सांगायला बसली, ती दिवेलागणीपर्यंत. मधे दोनदा रडली, एकदा मला शेंगदाण्याचे लाडू आणून दिले. रात्री घरी येऊन मी अण्णांच्या टेबलापाशी बसलो आणि एकेका बोटाने तेविसावे प्रकरण टंकायला घेतले.