अॅडजस्ट कुणी व्हायचं?

गंगावेशला के.एम.टी.त चढलं की दोघींच्या बाकावर तिसरी म्हणते, "जरा अॅडजस्ट करा की!" दोघी सरकतात, तिसरी अंग चोरून बसते. उद्यमनगरातला मिस्त्री गाडीचा ब्रेक अॅडजस्ट करतो. शाळेतली बाई रजेवर गेली की तिचा तास अॅडजस्ट होतो. दुकानदार मागची बाकी अॅडजस्ट करतो, शिंपीणताई ब्लाऊज. शब्द इंग्रजी, पण आता आपल्या घरचाच.

या सगळ्या वापरांत एक हिशेब आहे. काय अॅडजस्ट करायचं, किती आणि कुणी, हे ठरलेलं असतं. बसमध्ये तिघीही थोड्या थोड्या सरकतात.

हाच शब्द सासरच्या उंबऱ्याशी येतो तेव्हा काय होतं? "अॅडजस्ट करून घे गं!" काय अॅडजस्ट करायचं? वाक्यात कर्मच नाही. ब्रेक नाही, तास नाही, बाकी नाही. मैत्रिणींनो, इथं कर्म आपण स्वतः असतो. आणि सरकायचं फक्त एकीनं.

आजी म्हणायची, 'सोस'. आई म्हणायची, 'नमतं घे'. या शब्दांत निदान जाच लपत नव्हता. शिकलेल्या घरांना ते गावंढळ वाटू लागले, म्हणून इंग्रजी शब्द आला. मारहाणीला 'अॅडजस्टमेंटचा प्रॉब्लेम' म्हटलं की मारणारा हात दिसेनासाच होतो!

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझं सांगते. एम.एस.डब्ल्यू. करताना मी 'समायोजन' पाठ केलं. नोकरीच्या सुरुवातीला समुपदेशनाच्या टेबलावर एक बाई आली. हातावर वळ होते. नवरा समोर मान खाली घालून बसला होता. मी दोघांना समजावलं आणि तिला म्हटलं, "थोडं अॅडजस्ट करून बघ." रजिस्टरात लिहिलं, 'समझोता'. वर्षाच्या अहवालात ती केस यशस्वी म्हणून मोजली गेली. चार महिन्यांनी ती परत आली, मोडलेला हात गळ्यात बांधून. म्हणाली, "ताई, आता आणि किती अॅडजस्ट करू, सांगा की!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते यश कुणाचं होतं?

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. देशाच्या दंडसंहितेत ४९८अ कलम यायला १९८३ उजाडलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. त्याच्या २००६ च्या नियमांतला चौदावा नियम प्रत्येक कार्यकर्तीनं वाचावा. समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा होणार नाही ही हमी मिळवणं, असं तो सांगतो. हिंसेचं समर्थन करायची मुभा समोरच्याला नाही. आणि तडजोडीचे प्रयत्न बाईची इच्छा असेल तरच. म्हणजे सरकायचं कुणी, हे कायद्यानं ठरवलंय. आपणच ते उलटं करतो.

कुणी म्हणेल, तडजोडीशिवाय संसार होतो का? नाही होत. स्वयंपाक कोण करणार, पगार कुठं खर्चायचा, सणाला कुणाच्या घरी जायचं, यात दोघांनी जरूर सरकावं. पण मार ही सरकून जागा करून देण्याची गोष्ट नव्हे. उद्यमनगरातल्या मिस्त्रीलाही कळतं, लायनर संपला की नट कितीही आवळा, ब्रेक लागत नाही. तो गाडीला दोष देत नाही, लायनर बदलतो. आपण मात्र बाईलाच आवळत राहतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या रजिस्टरांतून 'अॅडजस्ट' आणि नुसता 'समझोता' हे शब्द खोडा. त्याजागी लिहा: तो काय बदलणार, कधीपासून, आणि नाही बदलला तर ती काय करणार. तीन महिन्यांनी तिला एकटीला भेटा, मगच केस यशस्वी म्हणा.

आणि पुन्हा कुणी म्हणालं, "थोडं अॅडजस्ट करा," तर शांतपणे विचारा, "हो, पण आधी तुम्ही किती सरकताय?"